जंतूची चाहूल कशी लागते? शरीराचा पहिला पहारा आणि घरातले तान्हे बाळ

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या बालाघाटवरून वाहत गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते आणि पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या पश्चिम सीमेने दक्षिणेला जाते. इकडेही धान, तिकडेही धान. जंगल सारखेच, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या रीतीही बऱ्याचशा सारख्या. म्हणून गडचिरोलीत तान्ह्या बाळांसाठी जे काम झाले, ते आपल्या कटंगी परिसरातल्या घरांना परके वाटण्याचे कारण नाही. या लेखाची सुरुवात आम्ही तिथूनच करत आहोत. जंतू अंगात शिरला हे शरीराला कसे कळते, हा विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी त्याचे परिणाम आपल्या पाळण्यापर्यंत येतात.

गडचिरोलीची ३९ गावे

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावे घेतली होती. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती नोंदवली गेली आणि १९९५ पासून प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'आरोग्यदूत' केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ताप पाहत, आईला समजावून सांगत, आणि बाळाला जंतुदोष झाल्याची लक्षणे दिसली की घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोलचे औषध देत.

१९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांत नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या बाळांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. पुढे देशभर आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ पाहण्याची जी पद्धत सुरू झाली, तिच्यामागे हा अनुभव आहे.

आरोग्यदूताकडे रक्त तपासायचे यंत्र नव्हते. तिने पाहायची ती साधी लक्षणे: बाळाचे दूध ओढणे कमी झाले किंवा थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, अंग हाताला गार लागते, पोट फुगले किंवा उलट्या होतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, नाळेला पू आहे. यांत 'भरपूर ताप' हे मुख्य लक्षण नाही, उलट 'अंग गार' आहे. मोठ्या माणसाला जंतुदोष झाला की अंग तापते. मग तान्ह्या बाळाचे अंग गार का पडते? या प्रश्नाचे उत्तर नीट समजायचे असेल तर शरीराचा पहारा कसा चालतो ते आधी पाहावे लागेल.

नोट तपासणे आणि सही जुळवणे

आमचा पेशा बँकेचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा उदाहरणही तिथलेच सुचते. बँकेत दोन प्रकारची तपासणी चालते. धनादेश आला की खातेदाराची नमुना सही काढून जुळवायची. ही तपासणी एकेका माणसाची असते. नवीन माणूस असेल तर आधी त्याचे खाते उघडून नमुना घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. दुसरी तपासणी रोखपालाची. नोट कोणी आणली याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तो कागदाचा स्पर्श, पाण्यातली खूण आणि सुरक्षा धागा पाहतो. काही मोजक्या ठरावीक खुणांवर क्षणात निर्णय होतो.

शरीरातही अशाच दोन व्यवस्था आहेत. सही जुळवणारी ती अर्जित प्रतिकारशक्ती. प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी हे काम करतात. लस दिल्यावर जी ओळख तयार होते ती इथली. ती अचूक असते आणि लक्षात राहते, पण पहिल्यांदा भेटलेल्या जंतूसाठी तिला काही दिवस लागतात. तोवर जंतूने थांबायचे थोडेच आहे? पोषक वातावरणात ई. कोलायसारखा जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

म्हणून खिडकीवर बसलेला रोखपाल महत्त्वाचा. ही जन्मजात प्रतिकारशक्ती. तिला जंतूचे नाव-गाव ठाऊक नसते. जंतूंच्या अंगावर असणाऱ्या आणि आपल्या पेशींवर कधीच नसणाऱ्या काही ठरावीक खुणा तेवढ्या ती ओळखते. ही ओळख आईवडिलांकडून जनुकांतून येते, शिकावी लागत नाही. चार्ल्स जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. शरीरात अशा खुणा ओळखणारे रिसेप्टर असलेच पाहिजेत आणि त्यांनी इशारा दिल्याशिवाय सही जुळवणारी फौजही नीट कामाला लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा असा एकही रिसेप्टर हाती आलेला नव्हता.

जंतूच्या अंगावरच्या खुणा

यातली सर्वात महत्त्वाची खूण त्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी सापडली होती. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. उष्णता देऊन मारलेले जंतूसुद्धा गिनीपिगला टोचले तर ते मरतात, हे त्यांना १८९२ च्या सुमारास दिसले. विष जंतूच्या शरीरातच होते आणि उष्णतेने नष्ट होत नव्हते. त्याला त्यांनी एंडोटॉक्सिन हे नाव दिले. पुढे कळले की हा लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ आहे. चरबी आणि साखर यांच्या जोडणीने बनलेला हा पदार्थ ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला अशा ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात असतो. याच्याशिवाय त्यांचे आवरण टिकत नाही, म्हणून ही खूण टाकून देणे त्यांना परवडत नाही. पहारेकऱ्याने नेमकी अशीच खूण निवडलेली आहे.

पण ही खूण वाचतो कोण? उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. फळांवर बसणाऱ्या छोट्या माशीच्या वाढीचा अभ्यास करताना जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत एक जनुक सापडले आणि त्याला 'टोल' हे नाव पडले. जर्मन भाषेत टोल म्हणजे 'वा, काय मस्त!' असा उद्गार. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या चमूने दाखवले की हे टोल जनुक बिघडलेली माशी बुरशीपासून स्वतःला वाचवू शकत नाही. पुढच्याच वर्षी जेनवे आणि रुस्लान मेद्झितोव्ह यांनी माणसात टोलसारखेच प्रथिन असल्याचे दाखवले. १९९८ मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या चमूने उंदरांच्या एका विचित्र जातीचा उलगडा केला. या उंदरांना एंडोटॉक्सिन टोचले तरी काही होत नसे. त्यांच्यात टीएलआर-४, म्हणजे टोलसारखा चौथा रिसेप्टर, बिघडलेला होता. हॉफमन आणि बॉयट्लर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या उंदरांची गोष्ट इथेच संपत नाही. एंडोटॉक्सिनने न मरणारे हेच उंदीर जिवंत साल्मोनेलाच्या संसर्गाने मात्र इतरांपेक्षा लवकर मरत. विषाचा त्रास होत नव्हता, कारण घंटा वाजत नव्हती. आणि घंटा वाजत नव्हती म्हणूनच चोर मोकळा होता. जंतुदोषात होणारा बराचसा त्रास जंतू देत नाही, आपलीच घंटा देते. तरीही घंटा नको असे म्हणता येत नाही. हे दोन्ही मुद्दे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे समजते.

माणसात असे टोलसारखे दहा रिसेप्टर आहेत. टीएलआर-४ एंडोटॉक्सिन वाचतो. टीएलआर-२ हा जोडीदारांच्या मदतीने जंतूंच्या आवरणातील चरबीयुक्त प्रथिने ओळखतो. टीएलआर-५ जंतूच्या पोहण्याच्या शेपटीतले प्रथिन ओळखतो. टीएलआर-९ पेशीने गिळलेल्या जंतूच्या डीएनएतील खूण वाचतो. टीएलआर-७ आणि ८ हे विषाणूंच्या आरएनएसाठी आहेत. पेशीच्या आतल्या भागात नॉड-२ नावाचा आणखी एक पहारेकरी असतो, तो जंतूच्या भिंतीचे तुकडे हेरतो. काही खिडक्या बाहेर, काही तिजोरीच्या खोलीत, अशी ही मांडणी आहे.

सलाईनचा मुद्दा इथेच सांगायला हवा. एंडोटॉक्सिन उकळल्याने जात नाही. पाणी उकळून जंतू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे तसेच उरतात. ते पोटात गेले तर सहसा बिघडत नाही, पण थेट शिरेत गेले तर टीएलआर-४ ला चोरच आला असे वाटते आणि माणूस थंडी वाजून कुडकुडू लागतो. म्हणून शिरेतून द्यायची औषधे जंतुविरहित आहेत एवढे पुरत नाही, एंडोटॉक्सिनसाठीही त्यांची वेगळी चाचणी होते. 'अशक्तपणा वाटतो, एक ताकदीची बाटली लावून टाका' असा आग्रह गावोगाव ऐकू येतो. गरज नसताना शिरेचे दार उघडणे ही लहान गोष्ट नव्हे.

निरोप पेशीच्या आत कसा जातो

आता घंटेची तार कशी आहे ते पाहू. रक्तातील एक प्रथिन एंडोटॉक्सिन उचलते आणि पेशीवरच्या सीडी-१४ नावाच्या प्रथिनाकडे सोपवते. तिथून ते टीएलआर-४ आणि त्याचा जोडीदार एमडी-२ यांच्याकडे जाते. खूण बसली की दोन रिसेप्टर एकमेकांना चिकटतात आणि पेशीच्या आतले त्यांचे टोक बदलते. त्या टोकाला मायडी-८८ नावाचे प्रथिन येऊन बसते, त्याला आयरॅक-४, आयरॅकला ट्रॅफ-६, असा निरोप हातोहात पुढे जातो.

या साखळीच्या शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधले. एरवी ते पेशीत बांधून ठेवलेले असते. आदेश तयार, सह्या झालेल्या, पण पाकीट सीलबंद, असे समजा. निरोप आला की सील ठेवणारे प्रथिन नष्ट केले जाते, एनएफ-कप्पा-बी मोकळे होते आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन दाहाची जनुके चालू करते. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत घडू शकते. पुढच्या तास-दोन तासांत पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ असे निरोप्ये रेणू बाहेर सोडू लागते. यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात.

इंटरल्युकिन-१ वर आणखी एक कुलूप आहे. ते आधी अर्धवट रूपात तयार होते. पेशीच्या आत धोक्याची दुसरी खूण पटली, तरच इन्फ्लेमासोम नावाचा संच जुळून येतो आणि त्याला कापून कामाचे रूप देतो. दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारा लॉकर असतो ना, तसेच हे. एवढे जहाल हत्यार एकाच्या भरवशावर सोडलेले नाही.

ही तार माणसात खरोखर एवढी महत्त्वाची आहे का, असे कोणी विचारेल. मायडी-८८ किंवा आयरॅक-४ जन्मतःच नसलेली काही मुले जगात आढळली आहेत. लहानपणी त्यांना न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस यांसारख्या जंतूंचे जीवघेणे आजार होतात, आणि एवढा आजार असूनही सुरुवातीला ताप बेताचाच असतो, तपासणीतले आकडेही उशिरा चढतात. यातली जी मुले वाचतात त्यांना वय वाढेल तसा त्रास कमी होत जातो, कारण तोवर दुसरी, सही जुळवणारी व्यवस्था पक्की झालेली असते. बालपणी सगळा भार पहिल्या पहाऱ्यावर असतो, हे यावरून कळते.

सूज, ताप आणि सीआरपी

सायटोकाइन बाहेर पडले की काय होते ते आपण सगळ्यांनी अनुभवलेले आहे. काटा रुतून पिकला की जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी झिरपते म्हणून सूज. इंटरल्युकिन-८ च्या हाकेने न्यूट्रोफिल पेशी रक्तातून बाहेर येऊन जंतू गिळतात. मेलेले जंतू आणि मेलेले न्यूट्रोफिल यांचाच पू होतो. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात ते याच हाकेमुळे.

हेच रेणू रक्तातून पोचले की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागात प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि शरीराचा काटा वर सरकतो. अंग नव्या काट्यापेक्षा थंड असल्याने थंडी वाजते आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते. म्हणजे ते काटा खाली आणते, जंतू मारत नाही. 'गोळी दिली, ताप उतरला, म्हणजे आजार गेला' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

इंटरल्युकिन-६ यकृताला निरोप देते आणि यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागते. सीआरपी सहा-आठ तासांत वाढायला लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. त्यामुळे आजाराच्या पहिल्या काही तासांत केलेल्या तपासणीत सीआरपी साधे आले, तरी तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. उलट, सीआरपी वाढलेले असले म्हणजे जंतूच असतील असेही नाही. मार लागल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, संधिवातातही ते वाढते. त्या आकड्याने घंटा वाजते आहे एवढे कळते, कोणी वाजवली ते कळत नाही. ते डॉक्टरांनीच पाहायचे.

पहारा चकवणारे

जंतूही कच्च्या गुरूचे चेले नसतात. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात याचा भयंकर दाखला आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे याच रोगाने निधन झाले.

प्लेगचा जंतू पिसवाच्या शरीरात, म्हणजे थंड जागी, असतो तेव्हा त्याच्या एंडोटॉक्सिनच्या चरबीला सहा शेपट्या असतात. टीएलआर-४ ला ही खूण स्पष्ट दिसते. पण माणसाच्या ३७ अंशाच्या उबेत आला की तो चार शेपट्यांची चरबी बनवू लागतो, आणि ती टीएलआर-४ ला नीट वाचता येत नाही. शिवाय सुईसारख्या नळीतून तो आपल्या पेशीत अशी प्रथिने टोचतो की निरोपाची साखळीच मधे तुटते. घंटा वाजेपर्यंत जंतू लाखोंनी वाढलेले असतात. त्या काळी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. रोखपालाला फसवणारी नोट असेल, तर सही आधीच नोंदवून ठेवायची, असा लसीचा उपाय आहे.

आजच्या लसींत या पहिल्या पहाऱ्याचाही जाणूनबुजून उपयोग होतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून मिळालेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन बनवली. त्यात टीएलआर-७ आणि ८ ला जागे करणारा पदार्थ मुद्दाम घातलेला आहे. लस घेतल्यावर दंड दुखतो, कणकण येते, ती घंटा ऐकू आल्याचीच खूण असते.

घंटा थांबत नाही तेव्हा

एका जागी सूज येणे उपकारक आहे. पण जंतू किंवा त्यांचे तुकडे रक्तात पसरले आणि सगळ्या शरीरात एकाच वेळी घंटा वाजू लागली, तर सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू यांना रक्त पुरत नाही. याला सेप्सिस म्हणतात. २०१६ पासून तज्ज्ञ सेप्सिसची व्याख्या अशी करतात: संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे.

मग घंटाच बंद करणारे औषध का देऊ नये? तसा प्रयत्न झाला. टीएलआर-४ अडवणारे एरिटोरान हे औषध गंभीर सेप्सिसच्या रुग्णांना देऊन पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले, मृत्यू कमी झाले नव्हते. रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंत घंटा तासन्तास वाजून गेलेली असते, आणि एकच तार तोडून भागत नाही. सेप्सिसमध्ये आजही खरा आधार आहे तो लवकर ओळखणे, योग्य अँटिबायोटिक लवकर सुरू करणे, आणि श्वास व रक्तदाब सांभाळणे यांचा.

स्टेरॉइडचेही इथेच सांगू. स्टेरॉइड दाहाची जनुके दाबते. काही आजारांत तज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात आणि त्याने जीव वाचतात. पण ज्याची पदवी कोणी पाहिलेली नाही अशा माणसाने दिलेल्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असेल, तर ताप, दुखणे, सूज एका दिवसात पळते आणि तो 'हाताला यश असलेला डॉक्टर' ठरतो. जंतू तिथेच असतो. फक्त घंटेत कापूस कोंबलेला असतो.

तान्ह्या बाळाचे वेगळेपण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. बाळाचा रोखपाल जन्मतःच खिडकीवर असतो, पण त्याचे वागणे वेगळे असते. पोटातून बाहेर आल्याबरोबर कोट्यवधी निरुपद्रवी जंतू त्याच्या त्वचेवर आणि आतड्यात वस्ती करतात. प्रत्येकाला पाहून घंटा वाजवली तर बाळ जगणार नाही. म्हणून नवजात बाळाच्या पेशी एंडोटॉक्सिन दिसल्यावर मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी टीएनएफ सोडतात आणि दाह आवरणारे रेणू अधिक. ही सोय आहे, पण हीच पडती बाजूही आहे. भर म्हणून न्यूट्रोफिलचा साठा थोडा, तो लवकर संपतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे बहुतांशी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत मिळतात, म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ त्यातही मागे राहते.

बाळ मोठ्यांसारखे कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. खांद्यांमधल्या आणि पाठीतल्या विशेष चरबीवर त्याची ऊब चालते, आणि आजारात ती ऊब टिकत नाही. म्हणून ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकते. सायटोकाइन मेंदूवर परिणाम करतात तेव्हा आपल्याला सुस्ती येते, अन्न नको वाटते. बाळाला 'बरे वाटत नाही' असे म्हणता येत नाही. दूध ओढणे हे त्याचे सर्वात कष्टाचे काम, ते आधी थांबते. मग आवाज बसतो, हातपाय ढिले पडतात. आतड्याची हालचाल मंदावली की पोट फुगते. आरोग्यदूतांच्या यादीतले एकेक लक्षण आता आपल्याला उलगडते. ज्या घरात 'बाळ फार शहाणे आहे, रडतच नाही, झोपूनच असते' असे कौतुक चालते, तिथे ते दूध नीट ओढते का हे आधी विचारावे.

ओडिशाच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचाही उल्लेख करायला हवा. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात एक उपकारक जंतू आणि त्याचे खाद्य तोंडावाटे दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आतड्यात कोणाची वस्ती आधी होते, याला एवढे महत्त्व आहे. हा वैद्यकीय देखरेखीतला प्रयोग होता, दुकानातली कुठलीही पुडी बाळाला द्यावी असा त्याचा अर्थ नाही.

आपल्या घरांत काय करावे

पहिले, चीक टाकू नये. बाळंतपणानंतरचे ते घट्ट पिवळे दूध 'जड' म्हणून पिळून टाकण्याची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. त्यात प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन, जिवंत पांढऱ्या पेशी, इतकेच काय, घंटेचा आवाज बेताचा ठेवणारे रेणूही असतात. पहिल्या तासातच बाळ छातीशी घ्यावे. सहा महिने आईचेच दूध द्यावे, मध नको, घुटी नको.

दुसरे, नाळ कोरडी ठेवावी. तेल, हळद, राख, शेण काहीही लावू नये. हात धुतल्याशिवाय बाळाला कोणी घेऊ नये, मग ती आत्या असो की आजी.

तिसरे, बाळाला ऊब द्यावी. पहिल्याच दिवशी आंघोळ घालण्याची घाई नको. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे फार गुणकारी आहे.

चौथे, आशाताईला दारातून परत पाठवू नये. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने यायचे असते. सव्वा महिन्याच्या सोवळ्याचे कारण तिला सांगू नये.

पाचवे, वर दिलेल्यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढा, पण १०८ ला फोन आधी करा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी एसएनसीयू नावाचा वेगळा कक्ष असतो. वाटेत बाळ उबदार ठेवावे आणि ओढत असेल तर दूध पाजत राहावे.

सहावे, अँटिबायोटिक मनाने घेऊ नये आणि मधेच सोडू नये. भारतातील रुग्णालयांत नवजात बाळांच्या जंतुदोषात क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय हे जंतू वारंवार सापडतात, आणि त्यांतले बरेच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. आपण सर्दीला म्हणून घेतलेल्या गोळ्यांचा हप्ता शेवटी कोणाच्या तरी पाळण्यातल्या बाळाला भरावा लागतो.

शेवटचे आमच्या वयाच्या मंडळींसाठी. वय वाढले, मधुमेह असला की आपली घंटाही धड वाजत नाही. वयस्क माणसाला गंभीर जंतुदोष असूनही ताप बेताचा असू शकतो. एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, धाप, लघवी कमी होणे, उठवत नाही इतका थकवा, ही लक्षणे 'म्हातारपण आहे, चालायचेच' म्हणून सोडून देऊ नयेत.

गडचिरोलीच्या गावांत बाळे वाचली, कारण दारात कोणीतरी येऊन 'दूध ओढते का?' असे विचारत होते. कटंगीत आपल्या नात्यागोत्यात, शेजारी कोणाकडे पाळणा हलला असेल, तर बारशाचे आमंत्रण येण्याची वाट न पाहता हा प्रश्न आपणही विचारू शकतो.